धर्माने भलं केलं की नुकसान? वेशीबाहेरून एक अभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती ४:१-१६, १ राजे २१:१-१९, लूक १०:२५-३७



बारामतीच्या तरुण संघाच्या अभ्यासात यंदा एका मुलाने सरळ प्रश्न टाकला. अभियांत्रिकीला शिकणारा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. म्हणाला, "ताई, धर्म नसताच तर माणसं जास्त सुखाने राहिली नसती का?" दोघा-तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भर उपासनेत शिवी दिली. मला मात्र प्रश्न आवडला. ज्याला धर्माचं काहीच वाटत नाही तो असं विचारत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं असतात. आपण म्हणतो, मिरजेचा मिशन दवाखाना बघा, मिशनच्या शाळा बघा, कुष्ठरोग्यांची सेवा बघा. समोरचा म्हणतो, दंगली बघा, अस्पृश्यता बघा, धर्मयुद्धं बघा. मग दोन वह्या समोरासमोर ठेवून बेरीज-वजाबाकी सुरू होते. त्यात प्रत्येक जण आपले दवाखाने स्वतःच्या वहीत लिहितो आणि आपली पापं दुसऱ्याच्या. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चालू होतं. ते ख्रिस्ताच्या नावाने चालू होतं. "ते आपले नव्हेत, ते पोर्तुगीज" असं म्हणून आपण सुटतो, पण मिरजेचे डॉक्टर वॉनलेस तरी कुठे आपल्या गावचे होते?

म्हणून या पाठात मी वह्या बाजूला ठेवते. धर्म कसा आहे हे देवळात किंवा चर्चमध्ये बसलेल्याला विचारण्यापेक्षा जो कुठल्याच देवळात बसला नाही त्याच्याकडून पाहू. आपल्या संस्थेचं काम ज्यांच्यात आहे ते बारामती-इंदापूरचे फासेपारधी असे आहेत. गावाच्या वेशीबाहेर, माळावर, कालव्याच्या कडेला, उसाच्या फडाच्या पलीकडे त्यांची पालं. धर्म चांगला वागला तर त्याची ऊब तिथे सगळ्यात शेवटी पोचते. वाईट वागला तर त्याचा फटका तिथे सगळ्यात आधी बसतो.

फास लावून तितर, लाव्हे, ससे धरणारे म्हणून फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची. पहिलीत बसलेलं पारध्याचं पोर गुरुजींकडे टकमक बघतं ते मठ्ठ असतं म्हणून नव्हे, त्याला मराठी अजून यायची असते म्हणून. शिकार हाच यांचा धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो गुन्हा झाला. पण गुन्हेगार हा शब्द त्याआधीच यांच्या कपाळी आला होता, आणि तो कसा आला यात आपल्या अभ्यासाचा गाभा आहे.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या जमातीचं नाव यादीत चढलं की त्या जमातीत जन्मणारा प्रत्येक जण संशयित. पोलिसांकडे नोंद, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. कायदा मांडणाऱ्यांनी कारण काय दिलं? हिंदुस्थानात जातीचा धंदा वंशपरंपरेने चालतो. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच व्हायचा. म्हणजे बघा, जन्मावरून माणसाचं कर्म ठरतं ही इथल्या धर्मव्यवस्थेने शतकानुशतकं सांगितलेली गोष्ट. रविवारी चर्चला जाणाऱ्या साहेबांनी ती उचलली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला. इथे कुणा एका धर्माला दोष देऊन भागत नाही. दोन धर्मांतली माणसं एकत्र आली आणि एका चुकीच्या गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

आणि आपण मिशनवाले? आपलंही पान उघडलं पाहिजे. यादीतल्या जमातींना एका जागी ठेवून "सुधारण्यासाठी" सरकारने वसाहती काढल्या, आणि त्या चालवायला मिशनांना बोलावलं. साल्व्हेशन आर्मीचे बूथ-टकर यांनी १९०८ च्या सुमारास उत्तरेत गोरखपूरकडे हे काम घेतलं. आपल्या बाजूला सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तिथली माणसं तारेच्या कुंपणात राहायची, गिरणीत कामाला जायची, परत येऊन हजेरी द्यायची. सोलापुरात आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात.

त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, आजाऱ्यांना औषध दिलं, पोरांना अक्षरओळख दिली. हे खरं आहे आणि ते पुसायचं कारण नाही. पण कुंपण आहे ते योग्य आहे का, हा प्रश्न विचारायचं काम त्यांचं होतं. ते बहुतेकांनी केलं नाही. कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची तरतूद होती. तीही "मुलांच्या भल्यासाठी" म्हणून चालवून घेतली. प्रेम होतं, पण ते पहारेकऱ्याच्या खोलीत बसून केलेलं प्रेम होतं.

याच काळात कोल्हापूरला दुसरी गोष्ट घडत होती. शाहू महाराज राजे असूनही त्यांना वेदोक्त विधीचा अधिकार नाही असं पुरोहितांनी सांगितलं होतं. जन्मावरून माणसाला खाली बसवणं काय असतं हे त्या राजाने सिंहासनावर बसून अनुभवलं. त्यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना पोलिसांच्या दारातून काढून स्वतःच्या नोकरीत घेतलं. आपले मिशनरी कुंपणाच्या आत शाळा चालवत होते, महाराजांनी कुंपणच काढलं. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण अभ्यास करायचा तर असाच करायला हवा.

देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला या जमाती विमुक्त दिन पाळतात. कागद रद्द झाला. मनातली यादी तशीच राहिली. लांब जायला नको. जून १९९८ मध्ये आपल्या बारामतीतच एक पारधी माणूस पोलिस कोठडीत मरण पावला. दिलीप डिसोझा यांनी 'ब्रँडेड बाय लॉ' या २००१ च्या पुस्तकात त्या प्रकरणावर लिहिलं आहे. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर गट उभा केला होता. बारामतीची त्या काळातली ख्याती दूधसंघ, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्थांची. त्याच गावाचं नाव दुसऱ्या कारणाने देशभर गेलं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता शास्त्राकडे वळू.

पहिल्या राजांच्या पुस्तकातली नाबोथाची गोष्ट आपण रविवार शाळेत "लोभ वाईट" म्हणून शिकतो. ती नीट पुन्हा वाचा. इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा आहे. अहाब राजा पैसे देतो, बदल्यात दुसरा मळा देतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा रुसून, न जेवता पडून राहतो. मग ईजबेल राणी काय करते? ती मारेकरी पाठवत नाही. ती उपास जाहीर करायला लावते. गावच्या वडीलधाऱ्यांना राजाच्या शिक्क्याची पत्रं जातात, नाबोथाला मानाच्या जागी बसवतात, दोन माणसं साक्ष देतात की याने देवाला आणि राजाला शाप दिला. दोन का? कारण नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात (अनुवाद १९:१५). मग गावाबाहेर नेऊन धोंडमार. देवाची निंदा केली तर शिक्षा तीच (लेवीय २४:१६). सगळं शास्त्राप्रमाणे. खोटी फक्त साक्ष. २ राजे ९:२६ वाचलं तर कळतं की नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं, म्हणजे उद्या जमिनीवर हक्क सांगायलाही कुणी उरलं नाही.

ज्याला धर्माने नुकसान कसं होतं हे समजून घ्यायचं आहे त्याने हा अध्याय पाठ करावा. इथे धर्म खोटा नाही. देव खरा, नियमशास्त्र खरं, उपास खरा. ज्यांनी धोंडे उचलले त्यांतल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटलं असेल की आपण देवाचा मान राखतो आहोत. माणूस एरवी ज्या गोष्टीला कचरला असता ती उपासाच्या दिवशी बिनधास्त करतो. त्या तरुणाला मी सांगितलं, तुझी शंका शास्त्रातच लिहून ठेवलेली आहे. पण पुढेही वाच. त्याच मळ्यात राजाला अडवायला कोण येतो? एलीया. तोही त्याच देवाचं नाव घेऊन येतो. गावच्या वडीलधाऱ्यांत मात्र "थांबा, आधी साक्ष तपासू" म्हणणारा एकही निघाला नाही.

पारध्यांच्या वस्तीवर काम करताना मला या दोन साक्षीदारांची आठवण फार येते. शिवारातली मोटार चोरीला गेली, शेळी गेली, की पहिलं नाव ठरलेलं असतं. साक्ष द्यायलाही लोक तयार असतात, आणि ते वाईट लोक नसतात. एकादशी करणारे, शुक्रवारी नमाज पढणारे, रविवारी चर्चला येणारे असतात.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातही असंच काही आहे. जगातला पहिला खून कशावरून झाला? जमिनीवरून नाही, बाईवरून नाही. अर्पणावरून. दोन भाऊ देवाला अर्पण घेऊन आले, एकाचं मान्य झालं, एकाचं नाही. शास्त्राने हे लपवलेलं नाही. पण मला इथे जास्त महत्त्वाची वाटते ती पंधरावी ओवी. काइनाने खरोखर खून केला आहे. त्याला भीती वाटते की आता जो भेटेल तो मला मारील. तेव्हा परमेश्वर त्याच्यावर खूण करतो, आणि ती खूण त्याला कुणी मारू नये म्हणून आहे. आपण बोलताना "काइनाची खूण" म्हणजे कलंक समजतो. मूळ वचनात ते संरक्षण आहे. खऱ्या खुन्याला देवाने जी खूण दिली ती त्याचा जीव राखणारी. १८७१ च्या कायद्याने पाळण्यातल्या पोराला जी खूण दिली ती त्याला आयुष्यभर पळवणारी. एखादा धर्म भलं करतो की नुकसान, हे तो माणसावर कुठली खूण करतो त्यावरून ओळखावं असं मला वाटतं.

आता एक ताजी गोष्ट सांगते, गावाचं नाव लिहीत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर पावसाळ्यात एक म्हातारा पारधी वारला. त्यांच्यात पुरण्याची रीत. वस्ती त्या माळावर वीस-बावीस वर्षांपासून, पण गावच्या स्मशानभूमीत जागा द्यायला गावकरी तयार होईनात. एक म्हणाला, यांची नावं गावात नाहीत. दुसरा म्हणाला, शेजारी देऊळ आहे, विटाळ होईल. तिसरा नुसताच उभा. मी निरोप मिळाल्यावर पोचले तेव्हा दुपार टळली होती, प्रेतावर प्लास्टिकचा कागद होता आणि कागदावर पाणी साचत होतं. म्हाताऱ्याची सून ते पाणी पुन्हापुन्हा हाताने सारत होती. फोनाफोनी चालू असताना एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. गळ्यात तुळशीची माळ. त्याने कुणाशी वाद घातला नाही. म्हणाला, "माझ्या बांधाला जागा आहे, तिथं न्या. माळ घातलीय गळ्यात, दारातलं मढं माघारी कसं धाडू?" संध्याकाळच्या आत खड्डा खोदून झाला. त्यात त्याची दोन पोरंही हात लावत होती.

लूकच्या दहाव्या अध्यायात याजक आणि लेवी वाटेने निघून जातात आणि शोमरोनी थांबतो. आपण यावर उपदेश करताना पटकन म्हणतो, धर्म महत्त्वाचा नाही, माणुसकी महत्त्वाची. प्रभूने असं म्हटलेलं नाही. शोमरोनी हा धर्म नसलेला माणूस नव्हता. त्याचं नियमशास्त्र होतं, त्याचा गरिज्जीम डोंगर होता, त्याची उपासना होती. यहुद्यांच्या लेखी ती चुकीची होती, एवढंच. दाखल्यात धर्मवाल्यांची आणि बिनधर्माच्या माणसाची तुलना नाही. रस्त्यावर पडलेल्याला बघून ज्याचा धर्म पाय पुढे ढकलतो आणि ज्याचा धर्म पाय थांबवतो, अशा दोघांची आहे. त्या दिवशी ज्याने विटाळाचं कारण दिलं आणि ज्याने माळेचं कारण दिलं ते दोघे एकाच गावचे, एकाच देवाचे भक्त होते.

तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीत धनगरांच्या मेंढ्या पालखीला रिंगण घालतात, बेलवडीला घोड्याचं रिंगण होतं, मग निमगाव केतकी, इंदापूर करत पालखी पंढरीला जाते. त्या पंढरीत चोखोबांना जन्मभर देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. ज्याने देवळाबाहेर ठेवलं तोही धर्मच, आणि ज्याने चोखोबांना संत म्हणून डोक्यावर घेतलं तोही धर्मच. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा ते मंदिर सर्वांना खुलं झालं. गुरुजी विठ्ठलाचे विरोधक नव्हते. विठ्ठलावर प्रेम होतं म्हणूनच ते उपाशी बसले. नाबोथाच्या गावात उपास माणसाला मारायला केला होता, इथे दार उघडायला.

आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या सुमारास गुजरातेतून आणल्या. रमाबाई संस्कृत शास्त्रं वाचून पंडिता झाल्या आणि त्याच शास्त्रांत आपल्यासारख्या बाईला जागा किती हे त्यांना दिसलं. पण ख्रिस्ती झाल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. इंग्लंडमधल्या ज्या भगिनींनी त्यांना ख्रिस्ताकडे आणलं त्यांच्याशीही त्या वाद घालत राहिल्या: माझा प्रभू ख्रिस्त आहे, तुमचं चर्च सांगेल ते सगळं मी डोळे मिटून मानणार नाही. मला रमाबाईंचा हा भाग फार मोलाचा वाटतो. एका धर्माने केलेलं नुकसान ओळखून दुसऱ्या धर्मात आलेली बाई, आणि तिथेही डोळे उघडे ठेवून बसलेली.

एक गोष्ट पारध्यांच्या स्वतःच्या धर्माबद्दल, नाहीतर हा अभ्यास लंगडा राहील. देवीवर त्यांची जबर श्रद्धा. घरचा देव म्हातारीच्या नजरेखाली कापडात बांधून जपलेला असतो. बाहेरच्या जगाने सगळं काढून घेतलं तरी हे गाठोडं त्यांनी सोडलं नाही, त्यावर जमात टिकली. त्याच श्रद्धेच्या आधाराने जातपंचायत कधी बाईला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावते: हात भाजला तर दोषी. अशा गोष्टींसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि पंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. आपल्यापैकी कुणी हे ऐकून नाक मुरडत असेल तर त्याने गणना ५:११-३१ काढून वाचावं. नवऱ्याला संशय आला म्हणून बायकोला याजकाने कडू पाणी पाजायचं, तेही आपल्याच शास्त्रात आहे. नवऱ्याची कसोटी तिथेही नाही. मग योहान ८ वाचावं, जिथे प्रभू धोंडे घेऊन आलेल्या पुरुषांकडेच कसोटी वळवतो. शास्त्र स्वतःशी झगडत पुढे गेलं आहे. पारध्यांनाही आपल्या देवीपुढे तसं झगडण्याची मोकळीक आपण दिली पाहिजे. मागच्या वर्षी एका पारधी आजीने पंचांसमोर उभं राहून सांगितलं, "देवी आई हाय, आई लेकीचा हात भाजंल का?" हे तिला कुठल्या संस्थेने शिकवलं नव्हतं.

धर्मांतराचा विषय टाळून चालणार नाही, कारण देणगीदारांकडून पत्रं येतात: इतक्या वर्षांत किती बाप्तिस्मे झाले? आणि वस्तीवर उलटा प्रश्न येतो: "ताई, तुमचा देव घेतला तर दाखला जाईल का?" दोन्हींचं उत्तर देते. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. जमातीचा माणूस कुठल्याही धर्मात गेला तरी आजच्या कायद्याने त्याची जमात जात नाही. अनुसूचित जातीचं वेगळं आहे. १९५० च्या आदेशाने ती ओळख आधी हिंदूंपुरती होती, मग १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध धरले गेले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. हा फरक नीट समजावून सांगावा लागतो, कारण भीती घालणारे खूप आहेत. खरी अडचण धर्माची नाही, कागदाची आहे. जमातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला आणि पालात मेला त्याने तो कुठून आणायचा? कुणाच्या जुन्या कागदावर नुसतं "पारधी", कुणाच्या "राजपारधी" असं लिहिलेलं, आणि राजपारधी विमुक्त जातीच्या यादीत. एका घरातले दोन भाऊ दोन याद्यांत. क्रूर विनोद असा की कधी कधी सगळ्यात जुना पुरावा पोलिसांच्या दप्तरात सापडतो. आज्याचं नाव गुन्हेगारांच्या नोंदीत असलं तर नातवाला शिष्यवृत्ती मिळण्याची वाट उघडते.

आणि बाप्तिस्म्यांच्या आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतताना त्या माणसाला तू कुठल्या डोंगरावर उपासना करतोस असं विचारलं नाही. ज्या दिवशी आपण दाखल्याच्या अर्जाच्या बदल्यात प्रार्थनेला यायला सांगू त्या दिवशी आपणही सोलापूरच्या कुंपणाच्या आत शाळा काढली असं होईल. कुणी स्वतःहून ख्रिस्ताबद्दल विचारलं तर मी तासभर बसून सांगते, आणि आनंदाने सांगते. पण ते वेगळं.

आता ज्या विषयासाठी हा पाठ मी या अंकात मुद्दाम घेतला तिकडे येते. त्या पावसाळ्यातल्या प्रसंगानंतर वस्तीवरच्या माणसांनी एक विनंती केली. शेतकऱ्याचा बांध एकदा मिळाला, दर वेळी कसा मिळेल? सरकारी जागेचा अर्ज आम्ही दिला आहे, तो फिरतो आहे. तोवर आपल्या मंडळीच्या कब्रस्तानाच्या मागच्या बाजूला, विलायती बाभळी वाढल्या आहेत तिथे, त्यांच्या मयतांना जागा मिळेल का? यातलं कुणीही ख्रिस्ती नाही. व्हायचं असंही कुणी म्हटलेलं नाही.

मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना देवभिरू माणसं आहेत. काही जण म्हणतात, कब्रस्तान बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, नियमावलीत तसं लिहिलं आहे. जागा आधीच कमी आहे. आज एकाला दिली तर उद्या नाही म्हणता येणार नाही. एका वडील भावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांनी तिथे देवीचा विधी केला तर? हे प्रश्न खोटे नाहीत. जागेचा तर अजिबात खोटा नाही. आपल्याच लोकांच्या कबरी एकमेकींना टेकल्या आहेत. पण अब्राहामाने सारेला पुरायला जागा मागितली तेव्हा तो हेथींच्या देशात परका आणि उपरा होता, आणि त्या लोकांनी त्याला आधी त्याचा देव कोणता हे विचारलं नाही (उत्पत्ती २३). आमच्या आईवडिलांच्या पिढीलाही कित्येक गावांत मयत घेऊन ताटकळत उभं राहावं लागलं आहे. ती आठवण असलेले लोक अजून मंडळीत बसतात.

पंचकमिटीची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आहे. मी माझं मत लेखी दिलं आहे: जागा द्यावी, मागचं फाटक वेगळं ठेवावं, विधी त्यांचा त्यांना करू द्यावा. बाभळी तोडायला वस्तीवरचे आठ-दहा जण कुऱ्हाडी घेऊन यायला तयार आहेत. ज्यांना या विषयावर बोलायचं आहे त्यांनी बैठकीला यावं. येता येत नसेल तर पाळकसाहेबांकडे चिठ्ठी द्यावी, मग मत माझ्या बाजूचं असो वा विरुद्ध.